थकलेल्या माणसाचं ताट रिकामं करू नका



गेल्या काही महिन्यांत समाजातल्या चार-पाच घरांतून मला एकच प्रश्न आला. घरात कोणीतरी सतत थकलेलं असतं, काही खाल्लं की पोट बिघडतं किंवा अंगावर पित्त उठतं, तर त्याला खायला काय द्यावं? विचारणारी बहुतेक वेळा आई, सासू नाहीतर बायको असते. म्हणून हा लेख आजारी माणसापेक्षा त्याच्यासाठी रांधणाऱ्यांसाठी आहे. मी आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. औषध देणं माझं काम नाही. पण ताटात काय असावं आणि काय घाईने काढू नये, हे सांगू शकते.

अशा घरांत मला नेहमी एकच गोष्ट दिसते. माणूस थकतो, कोणीतरी सांगतं दूध बंद कर, मग गहू बंद होतो, मग अंडी, मग टोमॅटो आणि डाळी. दर वेळी आठ दिवस बरं वाटतं आणि पुन्हा थकवा येतो. मग आणखी एक पदार्थ जातो. सहा महिन्यांनी ताटात भात आणि उकडलेला बटाटा उरतो, आणि आता थकवा मूळ आजाराचा की उपासमारीचा, हे डॉक्टरांनाही चटकन सांगता येत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं नेमकं हेच झालं. तिच्या परवानगीने लिहिते. वय 38, लोदला राहते, बालवाडीत मदतनीस आहे. 2022 मध्ये कोरोना झाला आणि त्यानंतर अंगातली ताकद परत आली नाही. आठ महिन्यांत वजन 58 किलोवरून 51 वर आलं. बहीण मला फोनवर म्हणाली, "अगं, मी तिला काहीच त्रास होईल असं देत नाही." तिने ते मायेनेच केलं होतं. पण तीळ, दूध, गहू, अंडी, दाणे, डाळी, वांगं, टोमॅटो असं सगळं बंद झालं होतं.

आधी थकव्याचं कारण शोधा

थकवा हे लक्षण आहे, त्याची कारणं अनेक. शरीरात लोह कमी असणं, बी-12 कमी असणं, थायरॉईड मंद असणं, मधुमेह, झोपेत श्वास अडणं, मनाची उदासी, गव्हामुळे होणारा सिलिॲक आजार, काही औषधांचा परिणाम. यांतली बरीचशी कारणं रक्ताच्या साध्या तपासण्यांत कळतात. म्हणून पहिलं पाऊल कुपत खोलीममधल्या आपल्या फॅमिली डॉक्टरकडे. स्वयंपाकघरातले बदल त्यानंतर.

दोन गोष्टी मुद्दाम सांगते. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, फेरिटिनही बघायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा संपलेला असू शकतो, आणि पाळी चालू असलेल्या बायकांत हे फार आढळतं. याउलट, थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, पण लोहाचा साठा भरलेला असू शकतो. त्याने मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. दुसरं, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी रोजची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-12 तपासून घ्यावं. दोन्ही औषधांनी ते कमी होऊ शकतं.

सगळं तपासूनही कारण सापडलं नाही, तर डॉक्टर दीर्घ थकव्याच्या आजाराचा विचार करतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने 2015 मध्ये त्याची खूण अशी सांगितली: सहा महिने किंवा अधिक काळ टिकणारा, रोजचं काम अडवणारा थकवा, थोड्या श्रमानंतर, कधी दुसऱ्या दिवशी, एकदम कोसळणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि त्यासोबत विसराळूपणा, डोक्यात धुकं असल्यासारखं वाटणं किंवा उभं राहिल्यावर गरगरणं. हा खरा आजार आहे, आळस नव्हे. "जरा फिरून ये, बरं वाटेल" असं म्हणून त्याला बळेच चालायला लावू नका.

या आजाराला बरा करणारा आहार आजपर्यंत सापडलेला नाही. कोणी तसं सांगून गोळ्या किंवा पावडर विकत असेल तर पाकीट उघडू नका. ब्रिटनच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनाही जीवनसत्त्वांच्या गोळ्यांना इलाज मानत नाहीत. पण वजन घटत असेल किंवा खाणं फार मर्यादित झालं असेल, तर रुग्णाला आहारतज्ज्ञाकडे पाठवा असं त्या सांगतात. आहाराने मूळ आजार जात नसला, तरी कुपोषणाचा दुसरा थकवा त्यावर चढू न देणं आपल्या हातात आहे.

प्रत्येक त्रास म्हणजे ॲलर्जी नव्हे

आपण "मला त्याची ॲलर्जी आहे" असं सहज म्हणतो. प्रत्यक्षात हे वेगवेगळे प्रकार आहेत.

खरी ॲलर्जी: शरीर त्या पदार्थातल्या प्रथिनाला शत्रू समजतं. बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, श्वास लागतो. चिमूटभर पदार्थही पुरतो. इथे जिवाला धोका असतो.

न पचणं: दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचल्याने पोट फुगतं, गॅस होतो, जुलाब होतात. त्रास होतो पण जीव जात नाही, आणि तो किती प्यालं यावर ठरतो. पेलाभर दूध न सोसणाऱ्या अनेकांना वाटीभर दही किंवा कडक चीज चालतं.

सिलिॲक: यात गहू, सातू (बार्ली) आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर बिघडतं. ते आयुष्यभर पूर्ण सोडावं लागतं.

आणि कधी दोष पदार्थ साठवण्याच्या पद्धतीत असतो. बांगडा किंवा टूना नीट थंड ठेवला नाही तर त्यात हिस्टामीन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. असा मासा खाल्ला की चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर उठतं. माणूस म्हणतो मला बांगड्याची ॲलर्जी झाली आणि जन्मभर मासा सोडतो. तोच मासा खाल्लेल्या घरातल्या इतरांनाही त्रास झाला का, हे आधी विचारा. आणि ती ॲलर्जी होती की नाही, याचा निकाल डॉक्टरांना लावू द्या.

माझ्या भाचीने पैसे भरून एक रक्ततपासणी केली होती. त्यात वीस-बावीस पदार्थांपुढे लाल खूण होती. ही आयजीजी नावाची तपासणी. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीजी सापडणं म्हणजे बहुधा इतकंच, की तो पदार्थ आपण खात आलो आहोत. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच सांगितलं आहे की अन्नाचा त्रास ठरवायला ही तपासणी करू नये. ॲलर्जीचे डॉक्टर आधी हकिकत विचारतात, मग त्वचेवर टोचून चाचणी करतात किंवा आयजीई तपासतात, आणि गरज पडली तर दवाखान्यात देखरेखीखाली तो पदार्थ खाऊ घालून बघतात.

तिला फॅमिली डॉक्टरांकडून हफनाया मिळाली. बहिणीला मी एक गोष्ट आधी करायला लावली: गहू पुन्हा सुरू. सिलिॲकची रक्ततपासणी माणूस गहू खात असतानाच खरी उतरते. आधीच बंद केला असेल, तर रोज एकाहून अधिक जेवणांत गहू ठेवून निदान सहा आठवडे खावा लागतो, तोही डॉक्टरांना विचारून. घाईने गहू सोडणाऱ्यांचं निदान त्यामुळेच हुकतं.

निकाल असे आले. सिलिॲक नाही. तिळाची ॲलर्जी खरी, लहानपणी तिचे ओठ सुजायचे तीच. दूध न पचण्याचा त्रास, ॲलर्जी नाही. अंडी, दाणे, डाळी, टोमॅटो, वांगं यांचं काहीच नाही. फेरिटिन 8, म्हणजे लोहाचा साठा जवळपास संपलेला. ड जीवनसत्त्व कमी. बावीस पदार्थांतून एकच कायमचा बंद झाला.

काढायचंच असेल तर असं काढा

कधीकधी तपासणीत काही येत नाही, तरी एखाद्या पदार्थाने त्रास होतो असं वाटत राहतं. मग पुढची रीत पाळा. मात्र ज्याला पूर्वी कधी सूज, गांधी किंवा श्वासाचा त्रास झाला आहे त्याने, आणि मुलांच्या बाबतीत, हे घरी करू नये.

1. आधी आठवडाभर वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, काय झालं, झोप कशी होती, काम किती केलं. पुष्कळदा त्रास खाण्याचा नसून आदल्या दिवशीच्या श्रमाचा निघतो.
2. एका वेळी एकच पदार्थ बंद करा, दोन ते चार आठवडे. बाकी सगळं नेहमीसारखं.
3. फरक पडला नाही, तर तो पदार्थ ताटात परत आणा.
4. फरक पडला तरी परत आणून बघा: पहिल्या दिवशी दोन चमचे, मग अर्धी वाटी, मग नेहमीइतकं. त्रास परत आला तरच तो पदार्थ दोषी.
5. बंद राहिला, तर त्यातून जे मिळत होतं ते दुसरीकडून भरा.

चौथी पायरी लोक गाळतात. बरं वाटतंय तर कशाला छेडा, असं म्हणतात. पण बरं वाटायला दुसरंही कारण असू शकतं, आणि टाळणं नेहमी सुरक्षित असतं असंही नाही. आपल्याच देशाचं उदाहरण बघा. 2008 मध्ये छापलेल्या पाहणीत ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधल्या मुलांच्या सुमारे दहापट निघाली. इथली बाळं पहिल्या वर्षातच बांबा खातात, तिथली टाळत होती. पुढे 2015 च्या लंडनमधल्या अभ्यासाने दाखवलं की लवकर दाणे खाणाऱ्या बाळांत ही ॲलर्जी कितीतरी कमी होते. मोठ्या माणसाच्या थकव्याला हे जसंच्या तसं लागू नाही, पण विनाकारण टाळण्यात पुण्य नाही, एवढं त्यातून कळतं.

काढलं ते भरायचं कशाने

दूध. मटणात दूध-दही चालत नाही म्हणून आपल्या आज्यांनी नारळाचं दूध वापरलं. त्यामुळे आपल्या स्वयंपाकात दूध वगळणं सोपं जातं. पण नारळाच्या दुधात कॅल्शियम आणि प्रथिनं अगदी थोडी. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पन्नाशीनंतर बायकांना 1200. गाईच्या दुधाच्या 200 मिलिलिटर पेल्यात साधारण 240 मिळतं. दूध बंद असेल तर कॅल्शियम घातलेलं सोया दूध, काट्यांसकट डब्यातले सार्डिन, हिरवा पाला, आणि तीळ चालत असतील तर अख्ख्या तिळाची तहिना घ्या. नुसतं लॅक्टोज पचत नसेल, तर लॅक्टोज काढलेलं दूध आणि दही पुरे.

लोह. पाळी चालू असलेल्या बाईला दिवसाला 18 मिलिग्रॅम लागतं. मांस, कलेजी, मासे यांतलं लोह सहज शोषलं जातं, डाळी-पाल्यातलं कमी. इथे आपलं बिरडं कामाला येतं. वाल भिजवून, मोड आणून, सोलून शिजवले की त्यातलं लोह अधिक शोषलं जातं. वर लिंबू पिळा, किंवा सोबत लाल सिमला मिरची द्या. वर्षातून एकदा बिरड्याच्या रोजालाच कशाला, आठवड्यातून दोनदा करा. जेवणानंतर लगेच कोरा चहा पिण्याची सवय मात्र सोडा. मांसातल्या लोहाला त्याचा फारसा धक्का लागत नाही, पण डाळ-भाजीतलं अडतं. चहा तासाभराने घ्या. फेरिटिन खूप खाली असेल तर नुसत्या जेवणाने भरत नाही, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावीच लागते, आणि तीही चहा-दुधासोबत नाही.

गहू. सिलिॲक ठरला असेल तर कोकणातली आपली शिदोरी पुरेशी आहे: तांदळाची भाकरी, घावन, पोहे, नाचणी, ज्वारी. मलिदाही पोह्यांचा, म्हणून चालतो; सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर बदाम-पिस्ते वगळा. पण पीठ गव्हाच्या चक्कीवर दळलेलं नसावं. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं, तेही बघा. कुसकुस, बुरगुल, प्तितीम, सोलेत हे सगळे गव्हाचेच. नेहमीची मात्साही गव्हाचीच, हे पेसाखला विसरू नका.

प्रथिनं. थकलेल्या माणसाला चावायचाही कंटाळा येतो आणि तो चहा-बिस्किटावर दिवस काढतो. दर जेवणात प्रथिनाचा एक पदार्थ हवा: अंडं, मासा, कोंबडी, डाळ किंवा दही.

डबा वाचायला शिका

हिब्रू वाचायचा कंटाळा करणाऱ्या आज्या-आजोबांसाठी काही शब्द: खलाव म्हणजे दूध, बेत्सीम अंडी, खिता गहू, सुमसुम तीळ, बोतनीम शेंगदाणे, एगोझीम अक्रोडासारखा सुका मेवा, श्केदीम बदाम, दागीम मासे. "मेखील" म्हणजे यात आहे. "अलूल लेहाखील" म्हणजे अंश असू शकतो. ॲलर्जीवाल्यासाठी दोन्ही सारखेच.

"पार्वे" लिहिलेलं असलं म्हणजे दुधाच्या ॲलर्जीला सुरक्षित, असं समजू नका. तो शब्द कश्रुतसाठी आहे. त्याच यंत्रावर दुधाचा पदार्थ झाला असेल तर अंश राहू शकतो.

हलवा या शब्दाने गोंधळ होतो. नव्याच्या सणाला आपण करतो तो चिकाचा हलवा, म्हणजे गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध. दुकानातला हल्वा तिळाचा. तिळाच्या ॲलर्जीवाल्या पोराला "हलवा खा" म्हणताना कुठला ते बघा. आणि सिलिॲकवाल्यासाठी आपला हलवा चीक न घालता कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रासवर करा. तीळ हुमुस, झातार, फलाफल आणि पावावरही असतात.

शुक्रवारचा स्वयंपाक

थकव्याच्या आजारात शुक्रवार सर्वांत वाईट. बाई सकाळपासून उभी राहून शब्बाथचं रांधते आणि शनिवार-रविवार अंथरुणात काढते. काम वाटून घ्या. मंगळवारी वाटण करून डब्यांतून फ्रीझरमध्ये, बुधवारी वाल सोलणं, तेही बसून, गुरुवारी कालवण. शुक्रवारी फक्त भात आणि कोशिंबीर. भांडी घरातल्या पुरुषांनी घासावीत. दमायच्या आधी थांबायचं, दमल्यावर नाही.

दिवसातून तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान. उशाशी पाण्याची बाटली. उभं राहिल्यावर गरगरत असेल तर पाणी वाढवा, मीठ मात्र डॉक्टरांना विचारूनच. कॉफी दुपारी दोननंतर नको. किप्पूरचा उपास अशा माणसाने धरावा का, हे डॉक्टर आणि रब्बी दोघांना आधी विचारा.

भाचीचं विचाराल तर ती पूर्ण बरी झालेली नाही. फेरिटिन भरायला पाच महिने लागले. वजन 55 वर आलं आहे. ती अर्धा दिवस कामावर जाते आणि दुपारी झोपते. पण ती घरच्यांबरोबर एकाच ताटातलं जेवते, आणि बहिणीला तिच्यासाठी वेगळं पातेलं चढवावं लागत नाही.

हे फ्रिजवर लावून ठेवा

खरी ॲलर्जी असलेल्या माणसाचे ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, किंवा अंगावर उठून सोबत उलट्या वा चक्कर आली, तर वाट बघू नका. एपिपेन असेल तर लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं. मग 101 ला फोन. माणसाला आडवं करून पाय वर ठेवा. श्वास लागत असेल तर टेकून बसवा. उठून चालू देऊ नका. ॲलर्जीची साधी गोळी एपिपेनची जागा घेत नाही. बरं वाटलं तरी इस्पितळात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

आणि बाकीच्यांनी या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या थकलेल्या माणसाने काय काय खाणं सोडलं आहे त्याची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा, कोणी आणि कशावरून सांगितलं. ज्याच्यापुढे डॉक्टरांचं नाव लिहिता येणार नाही, त्या पदार्थांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा.